बाराव्या वर्षी थांबलेली धाव

समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्यावर पहिल्या भेटीत आईची एकच मागणी होती, "हिला व्यायामाची आवड लावून द्या. बाकी काही त्रास नाही, फक्त आळशी झालीय." मुलगी शेजारीच बसली होती. साडेचौदा वर्षांची, नववीतली. दप्तर ठेवायला बाजूला जागा होती, तरी तिनं ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. पाऊण तासात एकदाही खाली ठेवलं नाही. मी ते पाहिलं, टिपणात लिहूनही ठेवलं. त्याचा अर्थ कळायला मात्र दोन महिने गेले.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि तीच चूक कितीतरी घरांत आणि शाळांत रोज होते. मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

काय सुटलं, कोणत्या क्रमानं

घरच्यांच्या मते गोष्ट सरळ होती. अकराव्या वर्षापर्यंत ही मुलगी एका जागी बसत नसे. शाळेच्या रिले संघात होती, पोहायची, संध्याकाळी सायकल घेऊन निघाली की हाका मारून घरी आणावं लागे. बारावं लागलं आणि एकेक सुटत गेलं. आता शाळेतून येते, खोलीत जाते, मोबाइल घेते. पीटीचा तास असला की सकाळी पोटात दुखतं. आईनं पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं, ते कपाटात पडून आहे. बाबा आधी समजावतात, मग चिडतात, मग गमतीत काहीतरी बोलून विषय संपवतात.

तिसऱ्या भेटीत आम्ही दोघींनी एक मोठा कागद घेतला आणि तीन रकाने आखले: शरीरात काय बदललं, शाळेत काय घडलं, घरी कोण काय बोललं. कोणती गोष्ट कधी सोडली हे तिला महिन्यासकट आठवत होतं. आधी पोहणं. मग रिले. मग पीटीचा तास. सगळ्यात शेवटी सायकल. त्या क्रमाकडे आम्ही बराच वेळ बघत बसलो. अंगावर कमीत कमी कपडे आणि समोर जास्तीत जास्त माणसं, अशी गोष्ट सर्वांत आधी गेली होती. एकटीनं करायची गोष्ट सर्वांत शेवटी. आळसापायी सुटलं असतं तर सर्वांत दमवणारं आधी सुटलं असतं. इथं हिशोब दमण्याचा नव्हताच, दिसण्याचा होता.

आणखी एका गोष्टीनं हे पक्कं झालं. ती पाचव्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट आहे, पण ती जिन्यानं जाते. दिवसातून दोन-तीनदा, बहुतेक वेळा दप्तरासकट. का, असं विचारल्यावर म्हणाली, "लिफ्टमध्ये आरसा आहे. आणि कोणीतरी असतंच." आई हे पहिल्यांदाच ऐकत होती, लिफ्ट मध्येच बंद पडेल म्हणून मुलगी घाबरते, असा तिचा समज होता. जी भावना या मुलीला मैदानापासून लांब ठेवत होती, तीच तिला रोज दहा-पंधरा मजले चढायला लावत होती. अशा मुलीला आळशी म्हणणं चूक तर आहेच, पण त्यानं खरं कारण झाकलं जातं, हे जास्त वाईट.

आठशे मीटर

तिसऱ्या रकान्यात काही लिहायचं राहिलं होतं का, असं मी पुढच्या भेटीत विचारलं. दुसऱ्या रकान्यात राहिलंय, असं ती म्हणाली.

बाराव्या वर्षी शाळेत ८०० मीटर वेळ लावून धावायचं होतं. बाकी वर्ग, मुलगे-मुली सगळे, पायऱ्यांवर बसून बघत होते. त्या वर्षात तिची उंची भराभर वाढली होती, छाती भरू लागली होती, पाळी सुरू होऊन काही महिने झाले होते. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी सर्वांत वेगानं वाढते. नितंब रुंदावतात, चरबीचं प्रमाण वाढतं, आणि काही काळ स्वतःचंच शरीर उसनं घेतल्यासारखं वाटतं. हे सगळं नैसर्गिक आहे, पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला वेग आठवत होता तो आदल्या वर्षीच्या शरीराचा. त्याच वेगानं ती सुटली आणि दुसऱ्या फेरीत तिचा दम तुटला. छाती हलतेय हे तिला जाणवायला लागलं. एक हात छातीवर आडवा धरून ती धावत राहिली. पायऱ्यांवरून हसण्याचा आवाज आला. कोण हसलं, कुणाला हसलं, तिला आजही माहीत नाही. ती शेवटून चौथी आली. सरांनी सगळ्यांच्या वेळा मोठ्यानं वाचून दाखवल्या.

किशोरवयीन मुलांना सतत आपल्यावर नजरा खिळल्यासारखं वाटतं. डेव्हिड एलकाइंड या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. ही कल्पना उपयोगाची आहे, मीही ती वापरते. पण मुलींच्या बाबतीत ती जरा जपून वापरावी, असं माझं मत आहे. तिचे प्रेक्षक काल्पनिक नव्हते. पायऱ्यांवर खरोखर चाळीस जण बसले होते. अशा मुलीला "अगं, कुणी बघत नाही" असं सांगितलं की तिला दोनच गोष्टी कळतात: सांगणारं माणूस खोटं बोलतंय, आणि पुढे त्याला काही सांगण्यात अर्थ नाही.

त्या दिवसानं आणखी एक काम केलं. धडधडणारं काळीज, तापलेला चेहरा, फुललेला श्वास या धावण्याच्या साध्या खुणा. पण भीतीच्या आणि लाजेच्या खुणाही याच. एकदा दोन्हींची गाठ पडली की शरीर त्यांत फरक करत नाही. "धाप लागली की मला रडायला येतं, कारण काही नसतं," असं ती म्हणाली. कारण होतं. नाडी वाढली की तिच्यासाठी तो दिवस परत सुरू होत होता. ज्याला मन तयार नाही असं आपण म्हणतो, ते पुष्कळदा नीट शिकलेलं मन असतं. फक्त ते चुकीचा धडा शिकलेलं असतं.

आधी रक्त तपासलं

मनाचं बोलण्याआधी शरीर तपासायचं, हा माझा नियम आहे. डॉक्टरांनी पाळीचा इतिहास घेतला. ती नियमित होती, पण पहिले दोन दिवस रक्तस्राव बराच होता. वजन वयाच्या आणि उंचीच्या मानानं ठीक होतं. हिमोग्लोबिन ११.२ आलं. या वयाच्या मुलींमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. म्हणजे जिना चढताना लागणारी धाप सगळी मनाची नव्हती. पुढे तिच्यात जो फरक पडला, त्यातला काही वाटा त्या गोळ्यांचा आहे. किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

माझा तक्ता

आता चूक. एवढं सगळं ऐकूनही मी तिला एक तक्ता करून दिला. रोज ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, पूर्ण झालं की बरोबरची खूण. आईनं तो फ्रिजवर लावला. नऊ दिवस खुणा झाल्या. दहाव्या दिवशी पाळी आली, दोन चौकोन रिकामे राहिले. आईनं सहज विचारलं, "आज पण नाही का?" संध्याकाळी तक्ता कचऱ्याच्या डब्यात होता, आणि पुढचे तीन आठवडे मुलगी जिन्याखेरीज कुठेच चालली नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार माणूस एखादी गोष्ट मनापासून धरून ठेवतो ती तीन आधारांवर: आपण ती स्वतः निवडली आहे, आपल्याला ती जमते, आणि ती करताना कुणाशी तरी जोडलेपण वाटतं. माझ्या तक्त्यात निवड माझी होती. जमतंय की नाही हे फ्रिजसमोर येणारा-जाणारा ठरवत होता. सोबत कुणी नव्हतं, होती ती फक्त देखरेख. आठशे मीटरच्या पायऱ्याच मी तिच्या स्वयंपाकघरात आणून ठेवल्या होत्या.

एखादा दिवस बुडाला तर काय, हेही मी तिला सांगितलं नव्हतं. सवय कशी लागते यावर लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा आहे. तरी रिकामा चौकोन म्हणजे हार नव्हे, एवढं एक वाक्य तिच्या हाती असतं तर तो कागद कदाचित डब्यात गेला नसता.

मी तिची माफी मागितली. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही पण आईसारखंच केलंत." त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यावर रागावली. आमचं काम खरं तिथून सुरू झालं.

वही

नवीन वहीत वेळ, अंतर, वजन यांतलं काहीही लिहायचं नाही असं ठरलं. लिहायचा फक्त एक आकडा: कसं वाटतंय. उणे पाच म्हणजे अगदी वाईट, अधिक पाच म्हणजे फार छान. १९८९ मध्ये हार्डी आणि रेजेस्की यांनी व्यायामाच्या संशोधनासाठी केलेली ही पट्टी आहे, आणि एखाद्या मुलीच्या हातात द्यावं असं इतकं साधं साधन दुसरं माझ्या पाहण्यात नाही. सुरू करायच्या आधी, मध्ये आणि नंतर असे तीन आकडे. काय करायचं हे ती ठरवणार, काहीच न करणं धरून. वही आईनं बघायची नाही.

तीन आठवड्यांनी वही घेऊन आली. बाहेर पडण्याच्या विचारानंच उणे तीन. घराखाली चालायला लागून दहा मिनिटं झाली की अधिक एक. धावायचा प्रयत्न केला की दोन मिनिटांत उणे चार. आणि जिना चढून वर आल्यावर, हे तिलाही नवल वाटलं, अधिक दोन.

पँटेलेमॉन एकेकाकिस या संशोधकानं व्यायामातल्या सुखदुःखावर बरंच काम केलं आहे. त्याचं सार असं, की बोलता-बोलता करता येईल इतक्या श्रमात बहुतेकांना बरं वाटतं. श्वास इतका फुलला की वाक्य तुटायला लागतं, त्यापुढे जवळजवळ प्रत्येकाचं बरं वाटणं घसरतं. ती दरवेळी सुरुवातच त्या रेषेच्या पलीकडून करत होती, कारण मनात वेग होता अकरा वर्षांच्या मुलीचा. मग तिनंच नियम केला: सोबतीणीला एक पूर्ण वाक्य न तुटता सांगता आलं पाहिजे, तेवढाच वेग. सोबतीण म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण. तिला कुणी समुपदेशनाला आणलं नव्हतं, पण तीही पीटीच्या तासाला आजारी पडत असे.

शेवट सावकाश करायचा, हे मी सुचवलं. २०१६ च्या एका प्रयोगात व्यायामाचा जोर सुरुवातीला जास्त ठेवून हळूहळू उतरवत नेला, तेव्हा लोकांना तो व्यायाम नंतर जास्त सुखाचा म्हणून आठवला. पुढच्या वेळी पाय बाहेर पडतो की नाही, हे पुष्कळसं मागच्या वेळची आठवण कशी आहे यावर ठरतं. तिच्या मागच्या आठवणीचा शेवट म्हणजे मोठ्यानं वाचलेली वेळ होती. आता शेवट म्हणजे दोघींनी गप्पा मारत मारलेली एक संथ फेरी.

एवढं करून जे जमलं नसतं, ते एका साध्या कपड्यानं जमवलं. दप्तराचा अर्थ मला इथं लागला. आईला बाजूला घेऊन विचारलं, हिच्याकडे नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा आहे का? आई म्हणाली, "अजून लहान आहे हो ती." इंग्लंडमधल्या २०८९ शाळकरी मुलींच्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, ४६ टक्के मुलींनी सांगितलं होतं की छातीमुळे आपल्या खेळण्या-व्यायामावर काही ना काही परिणाम होतो. हे आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. त्याच आठवड्यात दोघी जाऊन घेऊन आल्या. पुढच्या पानावर धावण्यापुढचा आकडा उणे चारवरून शून्यावर आला होता. मी इतकी वर्षं प्रेरणेबद्दल बोलत आले, पण पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारत नव्हते. आता विचारते. पाळीत पॅड धावताना सरकेल का ही भीती, डाग पडला तर काय, हेही तिथेच विचारते. मुली आपणहून सांगत नाहीत, पण विचारलं की भरभर बोलतात.

उलट बाजूनं लिहिलेलं

एकदा वही चाळताना शेवटच्या पानावर, वही उलटी धरून लिहिलेले काही आकडे दिसले. आधी उणे पाच, नंतर उणे चार. असे सात वेळा. तिनं वही ओढून घेतली नाही, म्हणून मी विचारलं.

रात्री, दार लावून, शंभर-शंभर सिटअप्स. बाबा जेवताना काही बोलले, किंवा कुठल्यातरी फोटोत स्वतःचे दंड जाड दिसले, की त्या रात्री. पाठ दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी काहीच हालचाल नाही, कारण अंग मोडून आलेलं असायचं.

इथं मी थांबले. जी मुलगी घरच्यांना आळशी वाटत होती, ती लपून व्यायाम करत होती, आणि तो व्यायाम शिक्षा म्हणून करत होती. हे दोन्ही एकाच मुलीत असू शकतं, हे पालकांना पटवणं अवघड जातं. अशा वेळी "निदान करतेय तरी" असं म्हणणं धोक्याचं आहे. जेवण टाळणं, खाल्ल्यावर उलटी काढणं, पाळी तीन महिने न येणं, चक्कर, दुखत असतानाही न थांबता येणं, यांतलं काही दिसलं तर प्रकरण समुपदेशकाच्या हातातलं राहत नाही. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ लगेच हवेत. तिच्यात ती लक्षणं नव्हती. मी डॉक्टरांना तरीही कळवलं, आणि कळवणार आहे हे तिला आधी सांगितलं.

सिटअप्स बंद कर, असं मी म्हटलं नाही. बंदी घातली असती तर ते फक्त आणखी लपलं असतं. मी एवढंच सुचवलं की हे आकडेही वहीत सरळ बाजूनं, बाकीच्यांच्या सोबत लिहायचे. महिन्याभरानं दोन्ही तऱ्हेचे आकडे एका पानावर आले. जिना आणि फेऱ्यांचा शेवट शून्याच्या वर, सिटअप्सचा कायम खाली. मी काही बोलले नाही. तिनं ते पान माझ्यासमोर धरून ठेवलं होतं, तेवढं पुरे होतं.

जेवणाच्या टेबलाशी

बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या मनात अपराधीपणा नव्हता, आणि असायचं कारणही त्यांना दिसत नव्हतं. लाडानं "गोलूमोलू" म्हणतो, लहानपणापासून म्हणतो, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या रकान्यात हा शब्द चार वेळा लिहिलेला होता. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. चार वर्षांच्या मुलीला ज्या शब्दात माया ऐकू येते, त्याच शब्दात चौदाव्या वर्षी तिला मोजमाप ऐकू येतं. शब्द बदलला नव्हता, ऐकणारी बदलली होती. त्यांनी तो कागद बराच वेळ वाचला.

आईचं वेगळं होतं. ती मुलीला कधी जाड म्हणाली नव्हती, स्वतःलाच म्हणायची. आरशासमोर, कपडे घालताना, वर्षानुवर्षं. स्त्रीनं आपल्या शरीराशी कसं बोलायचं हे मुलगी तिथं ऐकत होती.

घरात तीन गोष्टी ठरल्या. वजनाबद्दल कुणी बोलायचं नाही, स्वतःच्याही. "झालं का?" हा प्रश्न बंद. आणि बाबांनी रविवारी चालायला जाताना "येतेस का?" एवढंच विचारायचं, नाही म्हणाली तर एकटं जायचं. पहिले पाच रविवार ते एकटे गेले.

शाळेशी बोलणं सोपं गेलं नाही. सरांच्या एका तासात चाळीस मुलं. एकीला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून सूट मागितलीच नाही. सगळ्यांसाठीच वेळ लावून धावणं लहान गटांत, बाकी वर्ग दुसऱ्या कामात असताना घ्यावं आणि वेळा ज्याला त्याला वेगळ्या सांगाव्यात, एवढं मागितलं. एक सत्र करून बघू, असं ते म्हणाले. त्या सत्रात पीटीला 'आजारी' राहणाऱ्या आणखी तिघी मैदानावर दिसल्या.

आठ महिन्यांनंतर

आठवड्यातून तीन-चार दिवस ती पंचवीस ते चाळीस मिनिटं चालते, मधे मधे धावते. जागतिक आरोग्य संघटनेची या वयासाठीची शिफारस रोज सरासरी ६० मिनिटांची आहे. त्यापासून ती अजून लांब आहे. आईला याची खंत वाटते. जगभरच्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलींपैकी जवळपास ८५ टक्के मुली ही मर्यादा गाठत नाहीत, मुलग्यांतही ७८ टक्क्यांच्या आसपास, असा २०१६ च्या माहितीवरचा अंदाज आहे. हे मी आईला सांगितलं ते समाधान म्हणून नव्हे. आपलीच मुलगी तेवढी वेगळी, हा जो भार ती वाहत होती, तो कमी व्हावा म्हणून.

परीक्षेच्या महिन्यात दोन आठवडे सगळं बंद होतं. मग आपणहून सुरू झालं. सिटअप्सची रात्र गेल्या दोन महिन्यांत दोनदा आली, दोन्ही वेळा वहीत सरळ बाजूनं. रविवारी बाबांबरोबर ती कधी जाते, कधी नाही. लिफ्टनं ती अजूनही जात नाही, आणि मी त्याबद्दल विचारायचं सोडलंय. रिले संघात परत जायचं नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं आहे. गेल्या तीन भेटींत दप्तर खाली होतं.

मागच्या आठवड्यात ती आईसोबत आली. पुढच्या महिन्यात शाळेत पुन्हा ८०० मीटर आहे, या वेळी गटानं. "मी नाही धावले तर चालेल?" तिनं विचारलं. प्रश्न मला होता. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चालेल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वही उघडून कोरं पान काढलं, तारीख घातली आणि पहिल्या आकड्याची जागा रिकामी ठेवली.